बाबांच्या कोळशातलं पान दक्षिण ध्रुवावर कसं?

खाणकन्या | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

माझे बाबा वेकोलित, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स या कोळसा कंपनीत, मायनिंग सरदार (खाणीतल्या पाळीवर देखरेख करणारे) होते. आमचं बालपण चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसच्या क्वार्टरमध्ये गेलं. एकदा रात्रपाळीहून येताना बाबांनी डब्याच्या पिशवीतून शेलचा, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेल्या दगडाचा, तळहाताएवढा तुकडा आणला. काळसर करडा, आणि त्यावर पानाचा ठसा. लांबट, जिभेसारखा, मधोमध ठसठशीत शीर. गेली तीस वर्षं तो आमच्या शोकेसमध्ये गणपतीशेजारी उभा आहे. पाहुणे आले की बाबा तो काढून हातात देतात आणि म्हणतात, "कोळसा म्हणजे झाडंच, हे बघा."

मागच्या आठवड्यात रॉबर्ट स्कॉटच्या अंटार्क्टिका मोहिमेबद्दल वाचत होते. दक्षिण ध्रुवावर पोचलेले पाचही जण परतताना गेले. नोव्हेंबर १९१२ मध्ये शोधपथकाला त्यांचा तंबू सापडला, तेव्हा जवळ सुमारे १६ किलो दगड होते. उपाशी, हातपाय गारठलेले, बर्फावरची घसरगाडी स्वतः ओढत असतानाही त्यांनी ते टाकले नव्हते. आणि त्या दगडांतल्या पानाचं चित्र पाहिलं तर ते आमच्या शोकेसमधलंच पान! मी कितीतरी वेळ नुसती बघत बसले.

मला मनापासून समजून घ्यायचंय. बर्फाच्या प्रदेशात हे झाड होतं कसं? आणि नुसत्या पानावरून, हाडावरून तिथली लाखो-कोटी वर्षांपूर्वीची हवा शास्त्रज्ञ कशी सांगतात? "सर्वांत थंड महिन्याचं तापमान इतके अंश" असं थेट लिहिलेलं असतं. त्यावर किती विश्वास ठेवायचा? जाणकारांनी लिहावं.

चिंगी०७ | सोमवार, रात्री १०:०२

रुमाल टाकून ठेवते. आणि दगडाचा फोटो हवाच!

अश्मक | सोमवार, रात्री ११:२५

खाणकन्या, वर्णनावरून ते ग्लॉसोप्टेरिस वाटतं. नावाचा अर्थच 'जिभेसारखं नेचं'. १८२८ मध्ये ब्रोन्यार या फ्रेंच अभ्यासकाने नाव दिलं तेव्हा ते नेचं वाटलं होतं. प्रत्यक्षात तो बी धरणारा वृक्ष होता. भिंग असेल तर मधल्या शिरेपासून कडेकडे जाणाऱ्या बारीक शिरांची जाळी दिसते का बघा. स्कॉटबरोबरच्या डॉ. एडवर्ड विल्सन यांनी फेब्रुवारी १९१२ मध्ये बिअर्डमोर हिमनदीजवळच्या माउंट बकलीच्या पायथ्याशी ते दगड निवडले. १९१४ मध्ये सीवर्ड या वनस्पतितज्ज्ञाने ते पान ओळखलं.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न गुंतलेत. जमीन तेव्हा कुठे होती, आणि तिथली हवा कशी होती? पर्मियन काळात, म्हणजे ढोबळमानाने ३० ते २५ कोटी वर्षांपूर्वी, भारत, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका एकमेकांना चिकटून होते. त्या एकसंध भूमीला आपण गोंडवाना म्हणतो, आणि ते नाव गोंडांच्या मुलखावरून आलंय, तुमच्याआमच्या मुलखावरून. भारत तेव्हा दक्षिण गोलार्धात बराच खाली होता. अंटार्क्टिकाचा तो भाग मात्र तेव्हाही ध्रुवाजवळच होता. म्हणजे बाबांचं पान जमिनीबरोबर हजारो किलोमीटर चालत आलं. विल्सनचं पान तिकडेच राहिलं, त्याच्या भोवतालची हवा बदलली.

आणखी एक. आपल्या कोळशाच्या थरांच्या खाली जे थर आहेत ते हिमनद्यांनी टाकलेल्या गाळाचे आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात इरईजवळ चुनखडीवर हिमनदीने घासून काढलेले ओरखडे आहेत. उन्हाळ्यात पारा ४७ अंशांवर जाणाऱ्या जिल्ह्यात! मी विद्यार्थी असताना पहिल्यांदा त्यावर हात ठेवला तेव्हा दगड तव्यासारखा तापलेला होता.

शंकेखोर | मंगळवार, सकाळी ७:५०

अश्मक, छान लिहिलंत. पण मग माझी शंका अशी. कॅनडाच्या अगदी उत्तरेला एल्समेअर बेटावर मगरींचे सांगाडे सापडले, म्हणून आर्क्टिक उबदार होतं असं म्हणतात. तिथेही जमीनच सरकून वर गेली नसेल कशावरून? त्याच बेटावर तो टिक्टालिक नावाचा पायासारख्या परांचा मासाही सापडला, आणि तो तर विषुववृत्ताजवळचा होता म्हणे.

अश्मक | मंगळवार, सकाळी ९:१०

शंका अगदी रास्त आहे. टिक्टालिक सुमारे ३७.५ कोटी वर्षं जुना. तेव्हा ते खडक खरोखरच विषुववृत्ताच्या आसपास होते, म्हणून त्याच्यावरून आर्क्टिकबद्दल काही बोलता येत नाही. मगरी मात्र साधारण ५ कोटी वर्षांपूर्वीच्या, इओसीन काळातल्या. तोवर एल्समेअर आजच्या इतकं नाही तरी ध्रुववृत्ताच्या बरंच आत पोचलं होतं. हे कळतं खडकातल्या चुंबकीय कणांवरून. खडक तयार होताना त्यातले कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने आणि कलाने बसतात, आणि तो कल अक्षांशानुसार बदलतो. जागा आधी दगडाकडून विचारायची, मग हवा जीवाश्मांकडून.

रानवारा | मंगळवार, दुपारी १:३०

मी कोल्हापुरात वनस्पतिशास्त्र शिकवते. पानांबद्दल थोडं.

१९१५ मध्ये बेली आणि सिनॉट यांनी जगभरच्या झाडांच्या पानांच्या कडा पाहिल्या. उष्ण भागातल्या जंगलांत अखंड, गुळगुळीत कडेच्या पानांच्या जाती जास्त, थंड भागात दातेरी कडेच्या जास्त. आपल्याकडे आंबा, जांभूळ, वड, फणस आठवा. मग हिमालयात वर चढत जा: भूर्ज, मेपल, सगळी दातेरी. एखाद्या जागी सापडलेल्या जातींपैकी किती टक्के अखंड कडेच्या, यावरून वर्षाच्या सरासरी तापमानाचा अंदाज येतो. पुढे १९९३ मध्ये जॅक वुल्फ यांनी पानाचा आकार, टोक, देठाकडचा भाग अशी कितीतरी लक्षणं एकत्र घेऊन ही पद्धत वाढवली.

पण खाणकन्याच्या पानाला हा नियम लावता येत नाही बरं का. तो फक्त सपुष्प द्विदल झाडाझुडपांचा आहे, आणि पर्मियनमध्ये फुलं येणारी झाडं जन्मालाच आली नव्हती.

चिंगी०७ | मंगळवार, दुपारी १:४४

पण रानवाराताई, कडुनिंब? आमच्या दारातल्या कडुनिंबाची पानं करवतीसारखी दातेरी आहेत आणि इथे सोलापुरात मे महिन्यात आम्ही भाजून निघतो!

रानवारा | मंगळवार, दुपारी २:२०

चिंगी, वर्गात असता तर पहिल्या बाकावर बसवलं असतं! बरोबर, म्हणूनच एका पानावरून काहीही सांगत नाहीत. निदान वीस-पंचवीस वेगवेगळ्या जाती हव्यात. कडुनिंब एकटा दातेरी असला तरी सोलापूरच्या शंभर जातींच्या यादीत तो बुडून जातो. शिवाय नदीकाठच्या, पाणथळ जागी दातेरी पानं जास्त असतात, आणि जीवाश्म बहुतेक अशाच गाळात टिकतात. त्यामुळे अंदाज थंडीकडे झुकतो. हा दोष माहीत आहे, आणि त्याची दुरुस्ती करण्याचे प्रयत्न होतात.

दुसरी वाट म्हणजे आजचे नातेवाईक शोधायचे. ही वाट काळाच्या मागे जावं तशी निसरडी होते. ५० लाख वर्षांपूर्वीचा भूर्ज आजच्या भूर्जासारखाच वागत असेल हे धरता येतं. ग्लॉसोप्टेरिसला तर जवळचा नातेवाईकच उरला नाही.

ओस्लोकर | मंगळवार, रात्री ११:५५ (नॉर्वेहून)

रानवारा यांचं वाचून राहवलं नाही. तीन वर्षांपूर्वी आम्ही स्वालबार्डला, नॉर्वेच्या आर्क्टिकमधल्या बेटांवर, गेलो होतो. लाँगयिअरब्येन गावाच्या वर हिमनदी आहे, तिने आणून टाकलेल्या दगडधोंड्यांत मुलीने पहिल्या दहा मिनिटांत एक पान शोधलं. रुंद, दातेरी, पळसाच्या एका पानाएवढं. आजूबाजूला झाड नावाची गोष्ट नाही. तिथली ध्रुवीय विलो घोट्याच्याही वर येत नाही. त्या दगडाच्या ठशात मात्र जंगल. गावच मुळी कोळशावर उभं राहिलेलं. स्विस अभ्यासक ओस्वाल्ड हेअर यांनी एकोणिसाव्या शतकात या भागातल्या आणि ग्रीनलंडच्या पानांवर सात खंड लिहिले, आणि ते स्वतः तिकडे कधी गेले नाहीत. नमुने त्यांच्याकडे झुरिकला यायचे.

अवांतर पण महत्त्वाचं: नंतर एकदा मी डिसेंबरमध्येही गेलो. तिथे ऑक्टोबरअखेर मावळलेला सूर्य फेब्रुवारीच्या मध्यावर दिसतो. दुपारी बारालाही चांदण्या. तिसऱ्या दिवशी मला वेळेचं भान राहिलं नव्हतं. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. हवा कितीही उबदार असो, पृथ्वीचा आस तर कललेलाच होता. म्हणजे त्या जंगलालाही ही रात्र होतीच. झाडं काय करत होती?

रानवारा | बुधवार, सकाळी ६:४०

ओस्लोकर, या सगळ्या विषयाचं मर्म तुम्ही धरलंत. तापमान बदलतं, अंधार बदलत नाही. उबदार आणि चार महिने काळोख, असं जंगल आज पृथ्वीवर कुठेच नाही. त्यामुळे तुलना करायला जिवंत नमुना नाही.

बरीच वर्षं उत्तर सरळ वाटायचं: झाडं पानं गाळत असणार, कारण अंधारात पान ठेवणं म्हणजे श्वसनात साखर फुकट घालवणं. एल्समेअरशेजारच्या अॅक्सल हाइबर्ग बेटावर साधारण ४.५ कोटी वर्षांपूर्वीचं जंगल आहे. १९८५ मध्ये एका हेलिकॉप्टर वैमानिकाला वरून बुंधे दिसले. लाकूड दगड झालेलंच नाही, करवतीने कापता येतं, पेटवलं तर जळतं! त्यात मेटासेक्वोया हा सूचिपर्णी वृक्ष भरपूर, आणि तो आजही पानं गाळतो. (या मेटासेक्वोयाची गोष्टच न्यारी. १९४१ मध्ये जपानच्या मिकी यांनी जीवाश्मावरून नाव दिलं, आणि त्याच दशकात चीनमध्ये जिवंत झाड सापडलं.)

पण २००३ मध्ये रॉयर, ऑस्बोर्न आणि बीअरलिंग यांनी रोपं ध्रुवीय उजेड-अंधाराच्या वेळापत्रकात वाढवून हिशोब मांडला. पानगळीच्या झाडांचं नुकसान कितीतरी जास्त निघालं. दरवर्षी सगळी पानं टाकून नवी करणं हे अंधारात पानं सांभाळण्यापेक्षा महाग. मग पानगळीची झाडं तिथे इतकी का? अजून वाद चालू आहे.

अश्मक | बुधवार, सकाळी ९:३०

याला जोडून. बिअर्डमोरच्या परिसरात पर्मियन बुंधे अजून उभे आहेत, मुळं जागच्या जागी. त्यांची वाढवलयं (खोडात दरवर्षी पडणारी कडी) काही मिलिमीटर रुंद आहेत. आजच्या ध्रुवीय विलोला एका वर्षात एक मिलिमीटरसुद्धा जमत नाही. आणि वलयाच्या शेवटी जाड भिंतीच्या पेशी जेमतेम काही ओळी. म्हणजे उन्हाळाभर झपाट्याने वाढ, आणि मग कोणीतरी दिवा बंद करावा तशी थांबलेली. थंडीने हळूहळू थांबली असती तर त्या पेशींचा पट्टा रुंद दिसला असता.

भातखाचर | बुधवार, दुपारी १२:१५

मी शेतकरी, देवगडजवळ. कुठेतरी वाचलं होतं की आर्क्टिक समुद्रात एकेकाळी अझोला, ते पाण्यावर तरंगणारं बारकं नेचं, होता. खरं का? आम्ही भातात सोडतो आणि दुभत्या म्हशीला खायला घालतो तोच अझोला?

वास्कोची_मीना | बुधवार, दुपारी ३:०५

भातखाचर दादा, खरं आहे! त्याच कुळातला. २००४ मध्ये ध्रुवाजवळ समुद्राखालच्या लोमोनोसोव्ह कड्यावर तळ खोदून गाळाचा गाभा (नळीसारखा लांब नमुना) काढला, बर्फफोडी जहाजांच्या मदतीने. सुमारे ४.९ कोटी वर्षांपूर्वीच्या थरात मीटरच्या मीटर अझोलाचे अवशेष निघाले. अझोला तर खाऱ्या पाण्यात टिकत नाही. म्हणजे चहूबाजूंनी जवळपास बंद असलेल्या त्या समुद्रावर गोड्या पाण्याचा थर तरंगत असणार. भरपूर पाऊस, भरपूर नद्या. एका बारक्या नेच्याने समुद्राची चव सांगितली! हे साधारण आठ लाख वर्षं चाललं असा अंदाज आहे.

आमच्या वास्कोत सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. त्यांचं आर्क्टिकमधलं हिमाद्री केंद्र २००८ पासून स्वालबार्डच्याच न्यू-ओलेसुंदला आहे. तेही जुनं कोळसा खाणीचं गाव, खाणकन्याताई.

भातखाचर | बुधवार, दुपारी ३:२०

माझ्या टाकीत मे महिन्यात ऊन लागलं की अझोला लाल पडतो. वर जाळी टाकावी लागते. त्याला तिकडचा उन्हाळा मानवला असणार, उजेड चोवीस तास पण कडक नाही. म्हशीला सांगतो आज.

आबा_वाई | बुधवार, सायंकाळी ६:३०

सगळं वाचतोय, फार आनंद होतोय. पण मूळ प्रश्नातला आकडा राहिलाच की. सर्वांत थंड महिन्याचं तापमान. ते मगरीवरून कसं काढतात? मगरीनं थर्मामीटर लावला नव्हता.

दातवैद्य_सांगली | बुधवार, रात्री ९:१५

आबा, लावला होता, दातात! माझ्या धंद्यातला विषय आहे म्हणून लिहितो.

आधी मगरीचं. मगर स्वतःचं अंग तापवू शकत नाही. आजच्या मगरी-सुसरी सर्वांत थंड महिन्याची सरासरी साधारण पाच-सहा अंशांच्या खाली जाते तिथे टिकत नाहीत. हा झाला खालचा उंबरठा. पण तो आजच्या जातींचा, हे लक्षात ठेवायचं.

आता दात. दातावरचं इनॅमल हा शरीरातला सर्वांत टणक भाग, कोट्यवधी वर्षंही फारसा बिघडत नाही. त्यातल्या ऑक्सिजनचे जड आणि हलके अणू प्राण्याने प्यायलेल्या पाण्यातून आलेले असतात. सस्तन प्राण्याचं अंग बारा महिने एकाच तापमानाचं, म्हणून त्याच्या दातावरून पाणी कसं होतं ते कळतं. मासा आणि कासव पाण्याइतकेच गार-गरम, म्हणून त्यांच्या हाडांत पाणी आणि तापमान दोन्ही मिसळलेलं असतं. पहिल्यावरून दुसऱ्यातलं पाणी वजा केलं की तापमान उरतं. एल्समेअरच्या इओसीन थरांसाठी जेलिन एबर्ले आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये हेच केलं. वार्षिक सरासरी सुमारे ८ अंश, उन्हाळ्यात १९-२०, आणि सर्वांत थंड महिना ० ते ३.५.

शंकेखोर | बुधवार, रात्री ९:४०

थांबा डॉक्टर. मगर म्हणते पाच-सहाच्या वर, दात म्हणतात साडेतीनच्या खाली. दोन साक्षीदार, दोन जबान्या!

दातवैद्य_सांगली | बुधवार, रात्री १०:०५

पकडलंत. मूळ अभ्यासकांनीही हा फरक लपवलेला नाही. एक शक्यता अशी की तेव्हाच्या मगरी-कासवांना आजच्यापेक्षा थोडी जास्त थंडी सोसत होती. माझा कल तिकडे आहे, कारण दाताचं मोजमाप प्राण्याच्या स्वभावावर अवलंबून नाही. पण दोघांच्या जबानीत अंतर थोड्याच अंशांचं आहे. आज तिथे हिवाळ्यात उणे तीसच्या खाली असतं. मूळ मुद्द्यावर दोघे एकच सांगतायत.

शंकेखोर | बुधवार, रात्री १०:२०

आणि हे प्राणी फक्त उन्हाळ्यात तिकडे चरायला जात असतील तर? धनगरांची मेंढरं नाहीत का पावसाळ्यात एकीकडे, दिवाळीनंतर दुसरीकडे?

दातवैद्य_सांगली | बुधवार, रात्री १०:५०

हाही प्रश्न दातानेच सोडवला. इनॅमल थराथराने चढतं, त्यामुळे दाताच्या टोकापासून मुळाकडे छोटे नमुने घेत गेलं की महिन्यामहिन्यांची नोंद मिळते. कोरिफोडॉन नावाचा पाणघोड्यासारखा प्राणी आणि आखूड सोंडेचा टॅपिर यांच्या दातांत उन्हाळा-हिवाळा दोन्ही तिथलेच निघाले. कार्बनवरून असंही दिसतं की हिवाळ्यात खाणं बदलायचं. कुजकी पानं, सदाहरित झाडांचा पाला, बुरशी असं काहीतरी. म्हणजे काळोखात तिथेच राहून, अंधारात हुंगत चरत होते. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दवाखान्यात पेशंटची ओळ होती आणि मी पुन्हा पुन्हा तेच पान वाचत होतो.

चिंगी०७ | गुरुवार, सकाळी ८:००

काळोखात हुंगत चरणारा टॅपिर. आज दिवसभर हेच डोळ्यांसमोर राहणार.

अश्मक | गुरुवार, सकाळी १०:४५

न सापडण्याबद्दलही लिहितो, कारण त्यावर नेहमी वाद होतो. अलास्कातल्या प्रिन्स क्रीक थरांत, सुमारे ७ कोटी वर्षांपूर्वीचे, डायनासोर भरपूर आहेत. २०२१ मध्ये तिथल्या गाळातून नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांचे इवले दात आणि हाडं प्रसिद्ध झाली. म्हणजे अंडी तिथेच घालत होते. पण मगर नाही, कासव नाही. त्यावरून म्हणतात, हिवाळे गोठवणारे होते आणि डायनासोर अंग उबदार ठेवू शकत असावेत.

शंकेखोर | गुरुवार, सकाळी ११:०५

न सापडणं हा पुरावा मला पटत नाही. आमच्या घरात कात्री कधीच सापडत नाही.

अश्मक | गुरुवार, सकाळी ११:४०

शंकेखोर, घरात कात्री एकच असते. मगरीला आयुष्यभर नवे दात येत राहतात, एकेक मगर शेकडो दात टाकून जाते, आणि ते चिवट असतात. जिथे गाळ चाळून मिलिमीटरभराचे दात वेचले, माशांचे, चिमुकल्या सस्तनांचे, तिथे मगरीचा एकही नाही, तर त्या अभावाला वजन आहे. उद्या एक सापडला तर मत बदलावं लागेल, हे मान्य.

रानवारा | गुरुवार, दुपारी २:१०

परागकणांच्या बाबतीत याच्या उलट अडचण. ते नको तितके सापडतात. पाइनचे पराग वाऱ्यावर शेकडो किलोमीटर जातात. थरात ते दिसले म्हणून तिथे पाइन होताच असं नाही. म्हणून २०१७ मध्ये पश्चिम अंटार्क्टिकाजवळ अमुंडसेन समुद्राच्या तळातून निघालेला गाभा मला फार मोलाचा वाटतो. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीच्या चिखलात मुळांचं जाळं जसंच्या तसं होतं. पराग उडून येईल, मूळ कसं येईल? ती जागा तेव्हा दक्षिण ध्रुवापासून हजारेक किलोमीटरवर होती. वर्षाची सरासरी सुमारे १२ अंश निघाली.

आबा_वाई | गुरुवार, रात्री ८:२०

मग माझा मित्र म्हणतो तसं, पृथ्वी पूर्वीही तापली होती, आता कशाला काळजी, याला काय उत्तर द्यायचं?

दातवैद्य_सांगली | गुरुवार, रात्री ९:००

आबा, त्यांना एल्समेअरचंच बीव्हर पाँड दाखवा. साधारण ४० लाख वर्षांपूर्वीचं तळं, बीव्हर या लाकूड कुरतडणाऱ्या प्राण्याच्या दातांनी कुरतडलेल्या काटक्या अजून तिथे आहेत. जवळपासच्याच थरातून उंटाच्या नडगीचे तुकडे निघाले आणि २०१३ मध्ये त्यातल्या कोलॅजेन या प्रथिनावरून तो उंट असल्याचं सिद्ध झालं. आर्क्टिकच्या जंगलात उंट! तेव्हा हवेतला कार्बन डायऑक्साइड आजच्याच आसपास, दशलक्षात ४०० च्या जवळ होता असे अंदाज आहेत, आणि त्या तळ्याकाठचं तापमान आजच्यापेक्षा एका अभ्यासानुसार सुमारे १९ अंशांनी जास्त होतं. तेव्हा त्या स्थितीला यायला-जायला लाखो वर्षं मिळाली. आपण तिकडे दीडशे-दोनशे वर्षांत निघालोय. मी काळजी करतो.

खाणकन्या | शुक्रवार, रात्री ९:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रिंट काढून काल रात्री बाबांना वाचून दाखवलं, दीड तास. मध्ये एकदाही "बरं, पुढे?" शिवाय काही बोलले नाहीत.

भिंगातून पाहिलं. मधल्या शिरेपासून कडेपर्यंत जाळी आहे, अश्मक म्हणाले तशीच. आणि एक गोष्ट मला माहीतच नव्हती. तो तुकडा बाबांनी शोधून आणला नव्हता. रूफ ड्रेसिंग करताना पहारीने सैल दगड पाडत होते, तेव्हा तो पायाशी पडला. बाबा म्हणाले, "एकच पान थोडंच होतं. अख्खं रूफ पानांचं होतं. कॅप लॅम्प वर केला की चटई अंथरल्यासारखं दिसायचं."

रानवारा | शुक्रवार, रात्री ९:४५

अंगावर काटा आला. पानांच्या अशा चटया म्हणजे झाडांनी एकाच वेळी पानं टाकल्याची खूण असू शकते. पानगळ!

अश्मक | शुक्रवार, रात्री १०:१०

खाणकन्या, हे आजच लिहून ठेवा. कोणती खाण, कोणतं सीम (कोळशाचा थर), कोणतं वर्ष, रूफमधला की फ्लोअरमधला. बाबांच्याच शब्दांत. जागा माहीत नसलेला दगड मुका असतो. चिठ्ठी करून दगडाबरोबरच ठेवा, आणि त्याला तेल किंवा व्हार्निश लावू नका.

खाणकन्या | शुक्रवार, रात्री १०:३०

लिहायला घेतलंय. सीमचा नंबर बाबांना आठवत नाहीये, पण त्या पाळीतले एक काका बल्लारपूरला असतात, सकाळी त्यांना फोन करणार आहेत.

चिंगी०७ | शुक्रवार, रात्री १०:३२

फोटो?

खाणकन्या | शुक्रवार, रात्री १०:३५

उद्या. बाबा म्हणतात उन्हात तिरपा धरून काढ, तरच शिरा दिसतील.